‘पॅकिंगचा कागद’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई,

तुमची प्रतिक्रिया लांब आहे, रागातही आहे, पण अभ्यासून लिहिलेली आहे. तिच्याखाली ‘धन्यवाद’ टाकून मोकळं होणं मला बरं वाटेना, म्हणून हे सविस्तर उत्तर.

बाकीच्या वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी आखाड्यातली तेलमालिश, जोर-बैठका आणि फॅशिया यांच्याबद्दल लिहिलं होतं. फॅशिया म्हणजे स्नायूंवरून, स्नायूंच्या आतून आणि स्नायूंच्या मधून पसरलेलं तंतुमय आवरण. त्यावर बडोद्यातल्या मांजलपूरच्या एका फिजिओथेरपिस्ट ताईंनी लिहिलंय की फॅशिया हे स्पावाल्यांनी आयात केलेलं खूळ आहे. हाताने तो ‘मोकळा’ होणं शक्य नाही, कारण २००८च्या एका गणिती अभ्यासाप्रमाणे मांडीच्या फॅशियाला एक टक्का दाबायलाच नऊशे किलोंच्या वर भार लागतो. हालचाल समजायला स्नायू आणि मज्जातंतू पुरेसे आहेत, फॅशिया नुसता पॅकिंगचा कागद. आखाड्याचं कौतुक हे बडोदेकरांचं स्मरणरंजन. आणि शेवटचं, जे मला खरं लागलं: असले लेख वाचून माणसं मालिशवाल्याकडे रेंगाळतात आणि डॉक्टरकडे उशिरा पोचतात.

नऊशे किलोंपासून सुरू करू. आकडा बरोबर आहे. मांडीच्या बाहेरच्या फॅशियाला ९२५ किलो, तळपायाच्या फॅशियाला ८५२. मी स्वतः तो वर्गात सांगतो, विशेषतः फोमच्या रोलरवर मांडी घासून डोळ्यांतून पाणी काढणाऱ्या तरुण मंडळींना. फॅशिया लाटून लांब होत नाही. तसा होत असता तर चार बैठका मारून उठेपर्यंत मांडी लोंबायला लागली असती. पण त्याच अभ्यासात नाकाच्या पातळ फॅशियाचंही गणित मांडलेलं आहे आणि तो हाताने देता येईल अशा जोरदार दाबाने हलू शकतो असं निघालं. ते तुम्ही सोडून दिलंत. शरीरातल्या सगळ्यात चिवट दोन पट्ट्यांचा आकडा अख्ख्या अंगाला कसा लावणार?

शिवाय ते गणित पट्टी दाबण्याचं आणि ताणण्याचं आहे. थर एकमेकांवरून सरकतात की नाही, हा प्रश्न वेगळा. त्या थरांच्या मधे हायलुरोनॅन नावाचा बुळबुळीत पदार्थ असतो, त्याच्या जोरावर ते सरकतात. अमेरिकेत हेलेन लँजव्हिन यांच्या गटाने २०११ मध्ये अल्ट्रासाउंड लावून पाहिलं, तर जुनी कंबरदुखी असणाऱ्यांच्या कमरेतलं हे सरकणं दुखणं नसलेल्यांपेक्षा सुमारे २० टक्क्यांनी कमी भरलं. आता दुखतंय म्हणून माणूस वाकेनासा झाला आणि थर आखडले, की थर आखडले म्हणून दुखायला लागलं, हे त्यावरून ठरत नाही. पण कागदाबद्दल असा प्रश्नच पडला नसता.

मग मालिशने होतं तरी काय? माझं मत विचाराल तर बरंचसं काम मज्जासंस्थेतच होतं, आणि इथे आपल्यात वाद नाही. २०१८ मध्ये एक छोटासा अभ्यास झाला. खांदा धरलेले पाच रुग्ण, शस्त्रक्रियेसाठी भूल दिलेले. जागेपणी अर्ध्यात अडकणारा हात भुलेखाली कितीतरी वर जायला लागला. पाचच माणसं आहेत, फार ताणू नये, पण सांध्याचं आवरणच आखडून बसलेलं असतं तर भुलेने ते सैल झालं नसतं. शरीर राखण करत असतं. कोमट तेल, सावकाश फिरणारा हात, ओळखीच्या माणसाच्या गप्पा, यांनी राखणदार जरा ढिला पडतो आणि माणूस उठून म्हणतो, ‘अंग मोकळं झालं.’ मोकळं झालेलं असतंच. फक्त ते तास-दोन तासांचं असतं.

मात्र मज्जातंतूंची टोकं असतात कुठे, तेही बघा. फॅशियात ती खच्चून भरलेली आहेत. त्यांतली रुफिनी नावाची टोकं तर मंद, आडव्या ताणालाच जास्त जागी होतात. आखाड्यात नव्या पोराला मालिश शिकवताना पहिली गोष्ट बजावतात ती हीच: घाई करू नकोस, अंगठा रुतवू नकोस, तळवा टेकव आणि तेल जिरू दे. त्या उस्तादांना रुफिनी ठाऊक नव्हता. म्हणून हात चुकीचा ठरत नाही.

उलटी गोष्टही खरी आहे: शास्त्रीय स्पष्टीकरण जोडलं म्हणून हात बरोबर ठरत नाही. आयडा रोल्फ या बाईंनी १९२० मध्ये कोलंबिया विद्यापीठातून जीवरसायनशास्त्रात डॉक्टरेट घेतली आणि पुढे फॅशियावर खोल दाब देण्याची स्वतःची पद्धत काढली. दाबाने घट्ट झालेला पदार्थ पातळ होतो, असं त्यांचं स्पष्टीकरण होतं. ते टिकलं नाही. पद्धत मात्र जगभर चालू आहे. आणि ‘फॅशियात जुनी दुःखं साठून राहतात’ असं म्हणत पाच-पाच हजार घेणाऱ्यांबद्दल मी इथे शाई वाया घालवत नाही. त्या बाबतीत तुमचा राग माझ्या खात्यावर का पडावा?

आता पॅकिंगचा कागद. माझा खरा विरोध इथे आहे.

नवरात्र संपली की माझ्याकडे टाचा यायला लागतात. तुमच्याकडेही येत असणार, बडोद्यात कोणाकडे येत नाहीत? अकरा महिने खुर्चीत बसलेला माणूस नऊ रात्री अनवाणी, मोठ्या वर्तुळात, मध्यरात्रीपर्यंत गरबा खेळतो. दसऱ्याच्या सकाळी पलंगावरून उतरताना पहिल्या पावलाला अशी कळ येते की भिंत धरावी लागते. दहा पावलं चाललं की जरा बरं, पुन्हा बसून उठलं की तेच. यात स्नायू किती आणि ‘कागद’ किती, ते बघू.

१९८७ मध्ये ‘नेचर’मध्ये एक हिशेब आला होता. ७० किलोंचा माणूस सेकंदाला साडेचार मीटर वेगाने धावताना प्रत्येक पावलाला सुमारे १०० ज्यूल ऊर्जेची उलाढाल होते. त्यांतले ३५ ज्यूल टाचेमागच्या अकिलीस टेंडनमध्ये, म्हणजे पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला जोडणाऱ्या दोरीत, साठतात आणि १७ ज्यूल पायाच्या कमानीत. म्हणजे निम्मा व्यवहार या बांधणाऱ्या, जोडणाऱ्या ऊतींच्या ताणण्यात आणि परत खेचण्यात होतो. गरब्यातली उसळी धावण्याइतकी नसेल, पण यंत्रणा तीच. स्नायू नुसता दोरी धरून उभा राहतो, उसळी दोरी देते.

कमानीचं तर घरच्या घरी बघता येतं. कोणाला तरी अनवाणी उभं करा आणि स्वतः खाली बसून त्याच्या पायाचा अंगठा हाताने वर उचला. त्याने काहीच करायचं नाही. अंगठा वर जातो तशी आतल्या बाजूची कमान डोळ्यांदेखत चढते, टाच आणि चवडा जवळ येतात, नडगी किंचित बाहेर वळते. तळपायाचा फॅशिया बोटांच्या मुळाशी गुंडाळला जाऊन ताठ होतो, त्याचा हा खेळ. हिक्स यांनी तो १९५४ मध्ये मांडला. तुम्ही तो कॉलेजात शिकला आहात, ताई. मग कागद कसा म्हणालात?

बैठकीतला पार्श्वभागाचा मोठा स्नायू घ्या. त्याचे बहुतेक तंतू हाडाला न जाता मांडीच्या बाहेरच्या फॅशियाच्या पट्ट्याला जाऊन मिळतात. कमरेच्या फॅशियातून एका बाजूच्या पाठीच्या स्नायूचा ताण पलीकडच्या नितंबाकडे जातो, हे १९९५ मध्ये व्ह्लेमिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मृतदेहांवर दाखवलं. उजव्या हाताने मुद्गल फिरवणाऱ्याला डाव्या कुल्ल्यात ओढ का जाणवते, याचा धागा इथे सापडतो. आणि शेवटचा दाखला, जो तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जवळून पाहिला असेल: नडगीचं हाड मोडतं, आत सूज वाढते, भोवतीचा फॅशिया तसूभर हटत नाही, स्नायूचा रक्तपुरवठा तुटायला लागतो आणि सर्जनला तो फॅशियाच उभा चिरावा लागतो, नाहीतर पाय जातो. कागद असता तर आपणच फाटला असता.

‘आयात केलेलं खूळ’ यावर एवढंच. खूळ आयात असेल, निरीक्षण जुनं आहे. सुश्रुताने नऊशे स्नायू मोजले, त्यांचे चार प्रकार केले आणि त्यांत एक प्रकार रुंद-चपट्या स्नायूंचा सांगितला. फळ्या पुष्कळ बंधनांनी बांधल्या की नाव पाण्यात माणसांचा भार सोसते, तसं स्नायूंनी बांधलेलं शरीर भार सोसतं, असं तो म्हणतो. त्याचे ‘स्नायू’ म्हणजे आपले मांसल स्नायू नव्हेत, ती बांधणारी ऊती आहे. ती आणि आजचा फॅशिया एकच, असा माझा दावा नाही.

हा फॅशिया, ही टेंडनं बदलतात का? बदलतात, पण भाराने आणि महिन्यांच्या हिशेबाने. डेन्मार्कमध्ये २०१३ साली एक विलक्षण गोष्ट निघाली. १९५५ ते १९६३ या काळात अणुचाचण्यांमुळे हवेतला किरणोत्सारी कार्बन वाढला होता. त्याच्या खुणा अकिलीस टेंडनच्या गाभ्यात शोधल्या, तेव्हा दिसलं की तो गाभा साधारण सतराव्या वर्षापर्यंत घडतो आणि पुढे जवळजवळ नवा होतच नाही. लहानपणी लंगडी, लगोरी, मल्लखांब खेळलेल्यांचे पाय वेगळे का वाटतात, याचं पूर्ण उत्तर यात आहे असं नाही म्हणणार, पण मुलांना शिकवणी वर्गातून उठवून मैदानावर धाडायला मला एवढं पुरतं. मोठ्यांनी निराश व्हायचं कारण नाही. गाभा नवा झाला नाही तरी भाराच्या व्यायामाने टेंडन काही महिन्यांत अधिक ताठ, अधिक कामाचं होतं.

म्हणून टाच घेऊन आलेल्याला मी तेलाने पोटरी चोळून देतो, पण तेवढ्यावर परत पाठवत नाही. पंच्याची घट्ट वळकटी करून पायरीच्या कडेवर ठेवायची, बोटं त्या वळकटीवर, म्हणजे ती वर उचललेली राहतात आणि फॅशिया ताणात येतो. टाच हवेत. एका पायावर तीन सेकंदांत वर, दोन सेकंद थांबायचं, तीन सेकंदांत खाली. बारा वेळा करताना दम लागला पाहिजे, नाहीतर पाठीवरच्या दप्तरात पुस्तकं भरायची. दिवसाआड. हे माझ्या डोक्यातून आलेलं नाही. २०१४ मध्ये डेन्मार्कच्याच ४८ रुग्णांवर हे करून पाहिलं, तेव्हा तीन महिन्यांनी नुसतं ताणणाऱ्यांपेक्षा या मंडळींची टाच बरीच बरी होती. वर्षाअखेर मात्र दोन्ही गट सारखेच भरले. म्हणजे हा चमत्कार नाही, पण टाच लवकर टेकता येणं ही काय कमी गोष्ट आहे?

स्मरणरंजनाबद्दल: मालिश आणि मेहनत एकाच छपराखाली ठेवणं ही आखाड्याची खरी कमाई, आणि ती मी पुन्हा लिहीन. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाम मंदिराचे राजरत्न माणिकराव हाडं बसवण्यासाठी नावाजलेले होते आणि शरीर घडवण्यासाठीही. डभोईत जन्मलेले जगन्नाथ गणेश गुणे १९०७ ते १९१० या काळात त्यांच्या हाताखाली शिकले. पुढे स्वामी कुवलयानंद म्हणून त्यांनी योगक्रिया बडोद्याच्या दवाखान्यातल्या प्रयोगशाळेत तपासायला घेतल्या आणि १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं. तपासून बघायची खोड या आखाड्यातून बाहेर पडलेल्या माणसालाच होती. पार्लरच्या मालिशीत उठून कपडे घालायचे असतात. आखाड्यात मालिश झाली की ‘चल, जोर काढ’ असतं. राखणदार ढिला झालेला असतो त्याच वेळात सांधा भाराखाली पूर्ण फिरवून घ्यायचा, या क्रमातच सगळी गंमत आहे.

राहिली उशिराची तक्रार. ती रास्त आहे, आणि तिचं उत्तर मालिश बंद करणं हे नाही. मालिश करणाऱ्याला बघता आलं पाहिजे. माझ्या सकाळच्या वर्गात प्रार्थनेला हात जोडतात. एका काकांचे तळवे मिळत, पण बोटांमधे फट राहायची, वाकलेल्या बोटांचे सांधे एकमेकांना टेकतच नव्हते. खांदाही धरलेला. ‘जरा तेल लावून रगड, सुटेल’ म्हणत होते. मी आधी साखर तपासायला पाठवलं, ती चांगलीच वाढलेली निघाली. मधुमेहात कोलॅजनच्या, म्हणजे फॅशिया-टेंडन ज्या प्रथिनाचे बनतात त्याच्या, तंतूंना साखर चिकटत जाते, ते एकमेकांत जखडतात, हात ताठरतो. खांदा धरण्याचं प्रमाणही या मंडळींत जास्त. किती रगडणार? त्यांना तुमच्यासारख्यांची गरज होती, आणि ते गेलेही.

तुम्ही शेवटी विचारलंय की गरब्यानंतर भरून आलेली पोटरी मी सरसकट चोळतो का. नाही. दोन्ही पोटऱ्या सारख्या भरल्या असतील, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उतरत असतील, तर हलका हात आणि चालणं. एकच पोटरी सुजलेली, गरम, दाबल्यावर दुखणारी असेल, त्यातून नुकतंच ऑपरेशन, लांबचा प्रवास किंवा अंथरूण झालं असेल, तर तेलाची बाटली उघडायची नाही. आत रक्ताची गुठळी असू शकते आणि चोळून ती वर सरकली तर जिवावर बेतेल. अशाला त्याच दिवशी दवाखान्यात पाठवायचं, रिक्षात बसवून. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर जोराचा हातही नाही. माझ्याकडे शिकणाऱ्या दोन्ही पोरांना हे पाठ आहे. त्यांची परीक्षा घ्यायची असेल तर कुठल्याही सकाळी साडेसहाला रावपुऱ्यात या.