'टस्क' अर्धाच ऐकलेला माणूस

परवा एका ओळखीच्याच्या फेसबुक भिंतीवर वाद रंगला होता. विषय फ्लीटवुड मॅक या रॉक बँडचा 1979 सालचा दुहेरी अल्बम 'टस्क'. एकाने ठणकावून लिहिलं होतं, "गिटारवाल्या लिंडसी बकिंगहॅमची नऊ गाणी उडवा, उरलेल्यांत झकास एकेरी रेकॉर्ड होते." खाली दुसऱ्याचं उत्तर: "लिंडसीचीच तेवढी ऐका, बाकी गुळमट आहे." दोघांनाही भरपूर लाइक्स.

यातल्या पहिल्या मंडळींना मी अधिकाराने उत्तर देऊ शकतो. कारण त्यांना हवा असलेला 'टस्क' मी जवळजवळ तसाच ऐकलाय. चांगली सात-आठ वर्षं तोच ऐकलाय.

झालं असं की नव्वदच्या दशकाच्या मध्यावर माझ्या मामेभावाने, म्हणजे दादाने, दुबईहून येताना सीडी आणल्या. आमच्याकडे सीडी प्लेयर कुठला! मग त्याने साठ मिनिटांच्या कॅसेटवर मला 'टस्क' भरून दिला. अल्बम मुळात सत्तर मिनिटांच्या वरचा, तेव्हा काहीतरी गाळावं लागणारच होतं. दादाने लिंडसीची सहा गाणी गाळली. वर म्हणाला, "ती भुंकणारी गाणी काढलीत रे, बाकीचं मस्त आहे." कव्हरवर कुणाच्या तरी पँटचा पाय धरून ओढणारा कुत्रा आहे. त्यामुळे बरीच वर्षं मला वाटायचं की आत खरंच कुत्र्यांचं रेकॉर्डिंग आहे.

ती कॅसेट सुरेख होती. सुरेख आणि झोप आणणारी. बँडच्या दोन गायिकांपैकी क्रिस्टीन मॅकव्हीचं एक मऊसूत गाणं संपायचं की स्टीव्ही निक्सचं धुक्यातलं सुरू व्हायचं. ते संपलं की पुन्हा क्रिस्टीन. 'स्टॉर्म्स' आणि 'ब्यूटिफुल चाइल्ड' ही दोन वेगळी गाणी आहेत हे मला फार उशिरा कळलं, कारण तिथवर पोचेपर्यंत मी झोपलेलो असायचो. मला वाटायचं, 'रूमर्स'सारखा तुफान खपलेला अल्बम केलेला हाच बँड. एकदा जमलं, पुन्हा नाही जमलं. होतं असं.

पुढे 2004 मध्ये नव्याने मास्टर केलेली आवृत्ती निघाली आणि एका मित्राकडे मी पहिल्यांदा अख्खा अल्बम ओळीने ऐकला. 'ओव्हर अँड ओव्हर' संथपणे मावळलं. माझे कान सवयीने पुढच्या गोड गाण्यासाठी तयार होते, आणि त्याऐवजी 'द लेज' धाडकन अंगावर आलं. धड गिटार वाटत नाही, धड बास वाटत नाही असा खर्जातला खडखडाट, पुठ्ठ्यावर बडवल्यासारखे ड्रम्स, आणि दातओठ खात गाणारा एक माणूस. दोन मिनिटांत खेळ खलास. लगेच क्रिस्टीनचं 'थिंक अबाउट मी'. मी मित्राला म्हटलं, थांब, परत लाव. पहिल्यापासून.

आता थोडा इतिहास, कारण त्याशिवाय या वेडेपणाचं वजन कळत नाही.

फ्लीटवुड मॅक मूळचा लंडनचा बँड, 1967 चा, पीटर ग्रीनने उभा केलेला ब्लूजवाल्यांचा. माणसं आली, गेली. मिक फ्लीटवुड ड्रम्सवर आणि जॉन मॅकव्ही बासवर, ही जोडी टिकली. जॉनची बायको क्रिस्टीन कीबोर्डवर आली. 1974 सरता सरता कॅलिफोर्नियातलं एक जोडपं येऊन मिळालं, लिंडसी आणि स्टीव्ही. मग फेब्रुवारी 1977 मध्ये 'रूमर्स'. तो करताना जॉन-क्रिस्टीनचा संसार मोडला होता, लिंडसी-स्टीव्हीचं तुटलं होतं, मिकचंही घरी धड नव्हतं, आणि हे पाचही जण रोज एकाच स्टुडिओत बसून एकमेकांवर लिहिलेली गाणी एकमेकांच्या साथीने वाजवत होते. अमेरिकेत 31 आठवडे पहिला नंबर, वर्षाच्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी, खप कोटीच्या घरात.

एवढं झाल्यावर कंपनी काय म्हणणार? आणखी एक तसाच द्या. वॉर्नर ब्रदर्सचं तरी काय चुकलं म्हणा, चाललेलं दुकान कोण बंद करतं?

लिंडसीला मात्र तेच नको होतं. तोवर पंक आणि न्यू वेव्हची लाट आली होती. क्लॅश, टॉकिंग हेड्स ही मंडळी कमी पैशांत, कमी सोपस्कारांत काहीतरी जिवंत करत होती, आणि त्यांच्या हिशेबी फ्लीटवुड मॅक म्हणजे गुबगुबीत श्रीमंतांचं संगीत. हे लिंडसीला टोचत होतं. त्याने अट घातली की काही गाणी मी घरी, माझ्या पद्धतीने, एकटा रेकॉर्ड करणार. मिक तेव्हा बँडचा मॅनेजरही होता. तो आधी बिचकला, मग पाठीशी उभा राहिला. माझ्या मते 'टस्क'चा अर्धा मान या एका होकाराचा आहे आणि तो मिकला कुणी देत नाही.

पुढचे किस्से प्रसिद्ध आहेत, तरी सांगितल्यावाचून राहवत नाही. लॉस एंजेलिसमधल्या व्हिलेज रेकॉर्डर स्टुडिओत रेकॉर्डिंग सुरू झालं. सहनिर्माता आणि ध्वनिमुद्रक केन कॅलेने नेहमीप्रमाणे सगळं लावून ठेवलं होतं. लिंडसी आला आणि म्हणाला, प्रत्येक बटण आहे तिथून बरोब्बर उलटं फिरव, बघू काय होतं ते. त्याच सुमारास शॉवरखाली उभं राहून त्याने नखं कापायच्या कात्रीने स्वतःचे लांब केस कापून टाकले होते. फरशीवर मायक्रोफोन चिकटवायला लावून, जोर काढताना आपण असतो तसा त्यावर ओणवा होऊन तो गायचा. घरी बाथरूममध्ये गायचा, कारण तिथल्या टाइल्सवरून येणारा आवाज त्याला हवा होता. ड्रमऐवजी टिश्यूपेपरचे खोके बडवायचा. कॅलेने नंतर या सगळ्याबद्दल जे सांगितलंय त्यात वैताग आणि कौतुक यांचं प्रमाण वाक्यागणिक बदलतं. शेजारी बसून काम करावं लागलेल्या माणसाचा तेवढा हक्क आहेच.

या किस्स्यांमुळे एक गैरसमज मात्र पक्का झालाय, की 'टस्क' म्हणजे एका माणसाने बाथरूममध्ये कोंडून घेऊन केलेला अल्बम. गाणी मोजा की! वीसपैकी नऊ लिंडसीची, सहा क्रिस्टीनची, पाच स्टीव्हीची. म्हणजे निम्म्याहून जास्त अल्बम बायकांनी लिहिलाय. आणि दुहेरी रेकॉर्डची गरज काय फक्त लिंडसीला होती? 'रूमर्स'च्या वेळी स्टीव्हीचं 'सिल्व्हर स्प्रिंग्ज' जागा नाही म्हणून बाहेर राहिलं आणि ते तिला किती लागलं होतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. तिच्या गाण्यांना पाय पसरायला जागा लागते. 'सारा'चा पहिला कच्चा खर्डा सोळा मिनिटांचा होता! 'सिस्टर्स ऑफ द मून'सारखं गाणं चार रेकॉर्ड-बाजू मिळाल्या म्हणून मोकळा श्वास घेऊ शकलं.

क्रिस्टीनबद्दल तर मला भांडायचंच आहे. तिला कायम 'गोड, भरवशाची' एवढ्यावर बोळवतात. 'ब्राउन आइज' पुन्हा ऐका. त्यात धड कडवं नाही, धड ध्रुवपद नाही, नुसती रात्र आहे. शेवटी जी गिटार ऐकू येते त्यात पीटर ग्रीनचा हात आहे. बँडचा संस्थापक, केव्हाच बाहेर पडलेला, मनाने पार खचून गेलेला; तो येऊन थोडं वाजवून गेला आणि कव्हरवर त्याचं नाव नाही. याला प्रयोग म्हणायचं नाही का? आदळआपट केली तरच प्रयोग? क्रिस्टीनचं तेव्हा बीच बॉइज या बँडमधल्या डेनिस विल्सनशी जुळलं होतं आणि इकडे लिंडसी डेनिसच्या थोरल्या भावाच्या, ब्रायनच्या, आवाजांच्या थरांनी झपाटलेला. 'दॅट्स ऑल फॉर एव्हरीवन'मध्ये ते लख्ख दिसतं. लोक ज्याला 'वेडा लिंडसी' म्हणतात त्याचं हे गाणं अल्बममधलं सगळ्यात हळुवार आहे, आणि दादाने तेही उडवलं होतं.

आता ते नावाचं गाणं. बँडच्या साउंडचेकमध्ये एक तुकडा कायम वाजायचा, त्यातून ते उगवलं. मिकचा ठेका टेपवर घेऊन, तो तुकडा गोल जोडून पुन्हा पुन्हा फिरवला. तरी काहीतरी कमी होतं. मिक फ्रान्समध्ये नॉर्मंडीतल्या बार्फ्लरला गेला होता, तिथे रात्रीची उतरलेली नसताना सकाळी गावातल्या पितळी बँडने त्याला उठवलं. बँड गल्लीतून लांब जायचा, पुन्हा वळून जवळ यायचा, आणि माणसं दारं-खिडक्यांत येऊन उभी. मिकच्या डोक्यात ते बसलं. आपल्याला हे समजावून सांगायला नको. वाद्यांचा आवाज कोपऱ्यावरून वळला की आधी पोटात कळतं आणि मग कानाला.

तर 4 जून 1979 ला लॉस एंजेलिसच्या रिकाम्या डॉजर स्टेडियममध्ये युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियाचा ट्रोजन मार्चिंग बँड उभा केला. शंभरावर पोरं. ट्रंपेट, ट्रॉम्बोन, ढोल, सगळा सरंजाम. वरून कॅमेरे. जॉन मॅकव्ही तेव्हा ताहितीला होता, म्हणून त्याचा माणसाएवढा पुठ्ठ्याचा पुतळा करून मिक तो बगलेत मारून मैदानात फिरला. गाण्याची चित्रफीत बघितली नसेल तर आजच बघा. गाणं अमेरिकेत आठव्या क्रमांकापर्यंत गेलं. कुजबुज, मग आरोळी, मग ढोल, आणि त्यावर कॉलेजच्या पोरांचं पितळ. सिंगल म्हणून असलं काही काढायची हिंमत त्या पातळीवरच्या दुसऱ्या कुठल्या बँडने केली असती, सांगा मला.

नावामागचा अर्थ इथे लिहीत नाही. बँडमधल्या पुरुषांचा आपसातला चावट शब्द होता एवढं पुरे. स्टीव्हीला ते नाव मुळीच आवडलं नव्हतं आणि तिचं काही चुकलं नाही असं माझं मत.

अल्बम 12 ऑक्टोबर 1979 ला आला. खर्च दहा लाख डॉलरच्या वर गेलेला. रॉक अल्बमवर तोवर कुणी एवढा पैसा ओतला नव्हता. म्हणजे गंमत बघा: एक माणूस घरी खोके बडवून मुद्दाम ओबडधोबड आवाज काढतोय आणि बिल जगातल्या सगळ्यात महागड्या रेकॉर्डचं! लिंडसीने पुढे म्हटलंय की वॉर्नरच्या साहेबलोकांनी तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा त्यांना आपले नाताळचे बोनस खिडकीतून उडून जाताना दिसले.

आणि मग ते 'अपयश'. ब्रिटनमध्ये पहिला नंबर, अमेरिकेत चौथा. 'सारा' सातव्या क्रमांकापर्यंत. जगभर मिळून सुमारे 40 लाख प्रती. याला अपयश म्हणतात! पण शेजारी 'रूमर्स' उभा असेल तर 40 लाखही खुजे दिसतात. पहिल्या मुलाला बोर्डात नंबर मिळाला की धाकट्याच्या ऐंशी टक्क्यांना घरात पेढे येत नाहीत, तसं ते झालं. शिवाय दुहेरी रेकॉर्डची किंमत 15 डॉलर 98 सेंट, आणि साल रेकॉर्डच्या धंद्यात मंदीचं. त्यात आरकेओच्या रेडिओ केंद्रांनी अख्खा अल्बम ओळीने वाजवला आणि लोकांनी घरबसल्या टेप करून घेतला, ही मिकची कायमची तक्रार. मी यावर गप्प बसतो. माझ्याकडचा 'टस्क' कसा आला होता ते वर लिहिलंच आहे.

सगळ्याच समीक्षकांनी झोडपलं ही पण दंतकथा. 'रोलिंग स्टोन' मासिकाने तेव्हाच बीटल्सच्या पांढऱ्या दुहेरी अल्बमची आठवण काढली होती. खरा धक्का बाहेरून नाही, आतून बसला. खपाचे आकडे आल्यावर बँडचा सूर बदलला: झालं तुझं, आता पुन्हा असं नको. 1982 चा 'मिराज' ऐकलात तर तो सूर ऐकू येतो. नीटनेटका, इस्त्री केलेला, खपलेलाही. मला आवडतो तो, पण कधी दचकवत नाही. लिंडसीला स्वतःच्या वेडासाठी एकट्याचे अल्बम काढावे लागले, आणि तेही चांगले असले तरी त्यात 'टस्क'ची मजा नाही. का? तर 'द लेज' संपल्यावर तिथे क्रिस्टीन येत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. हे एक घर आहे. एका खोलीत कुणी भांडी आपटतंय, शेजारच्या खोलीत कुणी अंगाई म्हणतंय, माडीवर कुणी स्वतःशीच बडबडत फेऱ्या मारतंय, आणि भिंती पातळ आहेत. भांडी आपटणाऱ्याला बाहेर काढलंत तर अंगाई अंगाई राहत नाही, नुसतं संथ गाणं होतं. उलटंही तेवढंच खरं. 'नॉट दॅट फनी' सुटं ऐकलं तर दोन मिनिटांत वैताग येतो. लगेच पुढे 'सिस्टर्स ऑफ द मून' आलं नसतं तर मीही त्याला भुंकणंच म्हटलं असतं.

आणखी एक राहिलं. दादाची ती सीडी पहिल्या फेरीतली. दोन्ही रेकॉर्ड एका तबकडीत बसवायच्या म्हणून तिच्यात 'सारा' छाटलेलं होतं, जेमतेम साडेचार मिनिटांचं. म्हणजे दादाने गाळण्याआधी कंपनीनेच गाळलं होतं आणि आम्हा दोघांनाही पत्ता नव्हता. 2004 च्या आवृत्तीत ते सहा मिनिटांच्या वर आहे. मित्राकडे त्या दिवशी नेहमीचा शेवट आला, मी उठून पाणी प्यायला निघालो, आणि गाणं चालूच राहिलं.

दादाला काल रात्री लांबलचक 'सारा'ची लिंक पाठवली. खाली 'द लेज'चीही. निळ्या टिका आल्यात, उत्तर नाही.