चार्टचा फोटो टाकून काम भागत नाही

ठाणे आणि नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या, छोट्या संस्थांच्या आणि वेबसाइट बनवणाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर सध्या एक मजकूर फॉरवर्ड होतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: वेबसाइटवर इंटरॅक्टिव्ह चार्ट, म्हणजे बोट लावलं की आकडा दाखवणारे, फिल्टर असलेले आलेख टाकूच नका. त्यांनी साइट जड होते, ते महाग पडतात, मोबाइलवर चालत नाहीत, मराठी नीट दाखवत नाहीत, त्यांना कोणी हात लावत नाही आणि पुढेमागे ते बंद पडतात. त्यापेक्षा एक्सेलमध्ये आलेख काढा, त्याचा फोटो टाका आणि मोकळे व्हा.

मी ठाण्यात वेबसाइट बनवण्याचंच काम करते. हा मजकूर पुढे करून ‘मॅडम, फोटोच टाका ना’ म्हणणारे बरेच जण भेटतात. मजकुरातली काही वाक्यं अर्धी खरी आहेत, म्हणून तो लोकांना पटतो. उरलेलं अर्धं इथे मांडते.

पहिला आक्षेप वजनाचा. ‘इंटरॅक्टिव्ह’ म्हणजे जड असं सरसकट म्हणता येत नाही, कारण ते कोणती लायब्ररी, म्हणजे चार्ट काढून देणारा तयार कोड, घेतली यावर ठरतं. चार्ट.जेएस ही लायब्ररी सर्व्हरवरून दाबून (कॉम्प्रेस करून) पाठवली की शंभर केबीच्या आत येते. प्लॉटली या दुसऱ्या लायब्ररीची पूर्ण फाइल घेतली तर ती दाबल्यावरही एक एमबीच्या घरात जाते. बारा महिन्यांच्या बारा खांबांसाठी प्लॉटली लावणाऱ्याची साइट जड होणारच, पण तो दोष निवडीचा आहे. ईचार्ट्स या तिसऱ्या लायब्ररीत तर लागतील तेवढेच भाग उचलता येतात. उलट एक्सेलचे जे स्क्रीनशॉट आमच्याकडे येतात ते बरेचदा काहीशे केबींचे असतात, आणि असे सहा फोटो एका पानावर लावले की फोटोंचंच वजन चार्टपेक्षा जास्त होतं. चार्टमधले आकडे मोजके केबी असतात. लायब्ररी एकदा उतरली की त्याच पानावरचा दुसरा, तिसरा, सहावा चार्ट जवळजवळ फुकट पडतो. शिवाय चार्ट पानाच्या तळाशी असेल तर वाचक तिथवर स्क्रोल करेपर्यंत लायब्ररी मागवायचीच नाही, अशी सोय करता येते. चार-पाच खांबच दाखवायचे असतील तर लायब्ररीही लागत नाही. एसव्हीजी या रेषा-आकारांच्या चित्रप्रकारात ते हाताने काढता येतात आणि कितीही झूम केलं तरी फाटत नाहीत.

खर्चाचं फार लांबवण्याची गरज नाही. चार्ट.जेएस आणि २०११ साली आलेली डी-थ्री, दोन्ही लायब्ररी मुक्त परवान्याच्या, म्हणजे फुकट वापरता येणाऱ्या, आहेत. ईचार्ट्स मुक्त सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या अपाची फाउंडेशनकडे आहे. डेटारॅपर या ऑनलाइन सेवेच्या मोफत योजनेत कोडची एक ओळही न लिहिता चार्ट काढून साइटवर बसवता येतो, फक्त खाली त्यांचं नाव दिसतं. हायचार्ट्सला मात्र धंद्याच्या वापरासाठी परवाना विकत घ्यावा लागतो. कोटेशनमध्ये ‘चार्ट लायब्ररी’ एवढंच लिहिलं असेल तर नाव विचारून घ्या.

मोबाइलच्या मुद्द्यात तथ्य आहे आणि तो नीट समजून घ्यायला हवा. आकडा माउस वर नेल्यावरच दिसणार अशी रचना असेल तर मोबाइलवर ती निकामी ठरते, कारण बोटाला हवेत तरंगता येत नाही. ठाणे-वाशी लोकलमध्ये एका हाताने कडी धरून दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने पान सरकवणारा वाचक डोळ्यांसमोर ठेवला की काय करायचं ते आपोआप सुचतं. टॅपवर आकडा दिसला पाहिजे आणि तो अंगठ्याखाली झाकला जाता कामा नये. टॅप करायची जागा पुरेशी मोठी हवी. वेब सुलभतेच्या २०२३ च्या आंतरराष्ट्रीय निकषांत ही किमान जागा २४ बाय २४ पिक्सेल सांगितली आहे, मी त्याहून मोठी ठेवते. चिमटीने झूम होणारे चार्ट मी मोबाइलवर बंदच करते, कारण वाचक पान खाली सरकवायला जातो, बोट चार्टवर पडतं आणि पान जागचं हलत नाही.

पण यावर उपाय म्हणून फोटो? एका सोसायटीचं उदाहरण देते. घोडबंदर रस्त्यावरच्या बऱ्याच सोसायट्यांसारखा यांचाही टँकरचा खर्च मोठा. समितीने वर्षभराचा हिशेब एक्सेलमध्ये मांडला, प्रत्येक महिन्याला तीन विंगांचे तीन खांब, म्हणजे एकूण छत्तीस, आणि त्याचा फोटो साइटवर टाकला. लॅपटॉपवर तो सुरेख दिसत होता. मोबाइलच्या रुंदीत आल्यावर महिन्यांची नावं मुंगीएवढी झाली. झूम केलं की खांब दिसत, पण कोणत्या रंगाची कोणती विंग हे सांगणारी पट्टी पडद्याबाहेर जायची. सभासद समितीला फोन करून विचारत, ‘आमच्या विंगचं मे महिन्याचं किती?’ त्याच आकड्यांचा साधा इंटरॅक्टिव्ह चार्ट केला. वर विंग निवडायची तीन बटणं, खाली बारा आडवे खांब, प्रत्येक खांबाच्या टोकाला रक्कम छापलेली. आता विंग निवडली की मेची रक्कम समोरच असते, त्यासाठी खांबावर टॅपसुद्धा लागत नाही.

मराठीचा आक्षेप मला सगळ्यात जिव्हाळ्याचा वाटतो. इंटरॅक्टिव्ह चार्टमध्ये मराठी बिघडते, फोटोत ती जशीच्या तशी राहते, असं हा मजकूर म्हणतो. बिघडते हे खरं, पण ती का बिघडते हे कळलं की दुरुस्ती अर्ध्या तासाची आहे.

आकड्यांपासून सुरुवात करू. डी-थ्रीला काहीही न सांगता स्वल्पविराम द्यायला लावले तर ती १,२३४,५६७ असं मिलियनच्या हिशेबाने लिहिते. आपल्याला १२,३४,५६७ हवं असतं. डी-थ्रीमध्ये भारतीय गटवारीची तयार मांडणी आहे, तीच लावायची. चार्ट.जेएसला भाषा-प्रदेशाचा पर्याय देता येतो. तिथे मराठी-भारत दिलं की लाख-कोटींचे स्वल्पविराम तर येतातच, अंकही देवनागरीत येतात. कोणाला अंक इंग्रजी वळणाचे आणि गटवारी आपली हवी असेल तर तसंही सांगता येतं.

मग फॉन्ट. चार्ट.जेएस कॅनव्हासवर, म्हणजे पानावरच्या चित्र काढायच्या चौकटीत, चार्ट रंगवते. तुमचा मराठी फॉन्ट उतरायच्या आधी चार्ट रंगवला गेला तर अक्षरं दुसऱ्याच फॉन्टमध्ये उमटतात, आणि फॉन्ट मागाहून आला तरी कॅनव्हास आपणहून पुन्हा रंगत नाही. बरेच जण याला ‘लायब्ररीला मराठी येत नाही’ समजतात. ब्राउझरला आधी फॉन्ट मागवायला सांगायचं, तो आला की मगच चार्ट काढायचा.

तिसरी गोष्ट लेबलांची. उभ्या खांबांखाली जागा कमी पडली की लायब्ररी नावं तिरकी करते. इंग्रजी नावं तिरकी एकवेळ वाचता येतात. देवनागरीत शिरोरेषाच तिरकी झाली की ‘कोपरखैरणे’ वाचायला मान वाकडी करावी लागते. काही जण मग ठरावीक खुणांनंतर नाव तोडून पुढे टिंबं देतात. आपली अक्षरं संगणकात एकेका खुणेने साठवलेली नसतात. जोडाक्षराच्या मधोमध कात्री लागली की ‘घोडबंदर रस्ता’चं ‘घोडबंदर रस्…’ होतं, पाय मोडलेल्या स-सकट. नाव तोडू नका. खांब आडवे करा आणि प्रत्येक खांबाच्या वरच्या ओळीत पूर्ण नाव सरळ लिहा. वाशी, नेरुळ, ऐरोली, कोपरखैरणे, सगळी मावतात.

आणि फोटोतल्या मराठीचं काय होतं? ती शोधता येत नाही, कॉपी करता येत नाही, आणि दृष्टिहीन वाचकाला तर पान वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरकडून तिथे फक्त एक फाइलचं नाव ऐकू येतं. पर्यायी मजकूर, म्हणजे फोटोचं लिखित वर्णन, दिलं तर थोडं भागतं, पण छत्तीस आकडे त्यात कोण लिहिणार? कॅनव्हासवरचा चार्टही स्क्रीन रीडरला मुकाच असतो, हे मान्य करायला हवं. म्हणून माझ्या प्रत्येक चार्टखाली त्याच आकड्यांचा साधा तक्ता असतो, उघडता-मिटता येणारा. चार्ट आणि तक्ता एकाच डेटातून तयार होतात, त्यामुळे दोनदा टंकायची गरज पडत नाही.

आता ‘कोणी हात लावत नाही’. हे नुसतं ऐकीव नाही. न्यूयॉर्क टाइम्सच्या ग्राफिक्स विभागातल्या आर्ची त्से यांनी २०१६ मध्ये जाहीरपणे हाच अनुभव मांडला होता: बहुतेक वाचक फक्त स्क्रोल करतात, क्लिक करायला लावायचं तर त्यातून काही विशेष निघालं पाहिजे. त्याच विभागात काम केलेले ग्रेगर आयश यांनी पुढच्या वर्षी त्याला उत्तर दिलं. बहुतेक लोक बटण दाबत नाहीत म्हणून बटण काढून टाकावं असा अर्थ होत नाही, ज्यांना खोलात जायचं असतं त्यांच्यासाठी ते असतं, असा त्यांचा रोख होता. मला दोघांचंही पटतं आणि त्यातून मी एक नियम पाळते. मुख्य गोष्ट हात न लावता दिसली पाहिजे. हात लावणाऱ्याला त्याच्या स्वतःच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं पाहिजे.

मोरबे धरण घ्या. नवी मुंबई महापालिकेच्या मालकीचं हे धरण ८८ मीटरला पूर्ण भरतं. जुलैत नवी मुंबईकर विचारतो, गेल्या वर्षी याच तारखेला पातळी किती होती? ज्याला २०१९ आठवतं तो त्या वर्षाशी ताडून बघतो. दहा वर्षांच्या दहा रेषा एका फोटोत घातल्या तर त्यातली एकही सापडत नाही, आणि दोनच घातल्या तर तिसऱ्या वर्षाचा प्रश्न तसाच राहतो. इंटरॅक्टिव्ह चार्टमध्ये सगळी वर्षं फिक्या करड्या रंगात, यंदाचं ठळक आणि वाचक निवडेल ते वर्ष रंगीत. ८८ मीटरची आडवी रेषा मात्र कायम छापलेली, ती कोणी टॅप करायची वाट बघत नाही. (इथे अक्ष शून्यापासून सुरू केला तर सगळ्या रेषा वर चिकटून बसतील. खांबांना शून्य लागतंच, रेषांना लागत नाही.)

दुसरं उदाहरण आपल्याच जिल्ह्याचं. ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत ८१,३१,८४९ होती, २०११ मध्ये १,१०,६०,१४८ झाली, तेव्हा देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाला. २०११ च्याच मोजणीतले २९,९०,११६ लोक तिकडे गेले आणि ठाण्याकडे ८०,७०,०३२ उरले. ठाण्याचे हे तीन आकडे (२००१ चा, २०११ चा आणि विभाजनानंतरचा) ओळीने खांबांत मांडून फोटो काढला की जिल्ह्यातून तीस लाख माणसं निघून गेल्यासारखं दिसतं. तो फोटो एकदा ग्रुपवर गेला की त्याच्या खालचा खुलासा मागेच राहतो. इथे दोन बटणं द्यावीत, ‘जुनी हद्द’ आणि ‘आजची हद्द’, म्हणजे दोन्ही वर्षं एकाच हद्दीत तोलली जातात. विभाजनाची टीप मात्र चार्टवरच, ठळक, आधीपासून दिसणारी. ती टॅपच्या मागे लपवली तर इंटरॅक्टिव्ह चार्टही तितकाच फसवा ठरेल.

शेवटचा आक्षेप, पुढेमागे बंद पडण्याचा. भीती खरी आहे. २०२० च्या अखेरीस फ्लॅश हे ब्राउझरमधलं जुनं तंत्र बंद झालं तेव्हा त्यावर उभे असलेले जुने चार्ट गेले. पण २००२ मध्ये कोलकात्यात सुरू झालेली फ्यूजनचार्ट्स ही चार्ट लायब्ररी आधी फ्लॅशवरच चालत होती, ती वेळेत जावास्क्रिप्टवर आली आणि टिकली. आणि फोटो तरी टिकतात का? गूगलची एक सेवा होती, वेब पत्त्यात आकडे लिहिले की ती आलेखाचं तयार चित्र द्यायची. कित्येक साइटनी ती लावली होती. २०१२ मध्ये तिला निरोप जाहीर झाला, २०१९ मध्ये ती बंद पडली आणि त्या साइटवरच्या आलेखांच्या जागी फुटकी चित्रं उरली. ते फोटोच होते, फक्त दुसऱ्याच्या सर्व्हरवर. २०२४ मध्ये जुन्या ब्राउझरसाठी कोड पुरवणारं पॉलीफिल डॉट आयओ हे डोमेन दुसऱ्या हातात गेलं आणि तिथून कोड घेणाऱ्या एक लाखाहून अधिक साइटवर त्यातून घातक कोड पोचला. म्हणून लायब्ररीची फाइल उतरवून आपल्याच होस्टिंगवर ठेवा आणि आवृत्ती पक्की करा. बाहेरूनच घ्यायची वेळ आली तर फाइल बदलली की ब्राउझर ती नाकारेल अशी पडताळणीची खूण टॅगमध्ये घालता येते, ती घाला.

मजकुरात नसलेली एक काळजी मात्र मला खरोखर वाटते. इंटरॅक्टिव्ह चार्टमागचा डेटा वाचकाच्या ब्राउझरपर्यंत जातो, पडद्यावर दिसो वा न दिसो. सोसायटीच्या गूगल शीटमध्ये एका पानावर टँकरचा खर्च आणि शेजारच्या पानावर थकबाकीदारांचे फ्लॅट नंबर असतील, आणि ती अख्खी शीट ‘वेबवर प्रकाशित’ केली, तर दोन्ही पानं उघडी होतात. फ्लरिश या चार्ट बनवण्याच्या ऑनलाइन सेवेच्या मोफत योजनेतही प्रसिद्ध केलेल्या चार्टचा डेटा सार्वजनिक असतो. चार्टसाठी वेगळी शीट करा, तिच्यात महिना, विंग आणि रक्कम एवढेच तीन रकाने ठेवा, आणि प्रकाशित करण्याआधी ती लिंक लॉगिन नसलेल्या ब्राउझरमध्ये उघडून बघा.