मोठा क्लब कोणता? वादाला बसण्याआधी वाचावे

गोव्यात राहून फुटबॉलवर मत नसणे हा गुन्हा नव्हे, पण असा माणूस लग्नाच्या पंगतीत एकटा पडतो. तेव्हा मत बाळगा. त्यासाठी मॅच बघायची गरज नाही. ते उन्हातले काम आहे. ‘गोव्यातला सर्वांत मोठा क्लब कोणता’ हा वाद मात्र घालता यायलाच हवा.

आधी क्लब ठरवावा आणि मोजपट्टी मागाहून शोधावी. उलट केलेत तर प्रामाणिक म्हणून तुमचे नाव होईल आणि वाद हातचा जाईल. क्लब ठरवताना फार डोके चालवू नका. वास्कोचा असाल तर साळगावकर, पणजीचा असाल तर धेंपो, सासष्टीचा असाल तर चर्चिल ब्रदर्स. खरी पंचाईत डिचोली-साखळीवाल्यांची. तिकडे जुना नियम असा की आपला ट्रक ज्याच्या खाणीवर लागला, त्याचा क्लब आपला. पुढे खाणी बंद पडल्या, ट्रक अंगणात गंजले, तरी निष्ठा तेवढी चालू स्थितीत आहे.

समजा, तुम्ही धेंपोवाले आहात. मग मोजपट्टी ‘राष्ट्रीय विजेतेपदे’ हीच, आणि मोजणी 1996-97 पासून, म्हणजे नॅशनल फुटबॉल लीग सुरू झाली तिथपासून. 2004-05, 2006-07, 2007-08, 2009-10, 2011-12. एकूण पाच. पंजा उघडून दाखवा. निवडणुकीचे दिवस असतील तर तोंडी सांगा. समोरचा तयारीचा असेल तर अगदी सहज विचारील, ‘‘बाब, यातल्या आय-लीग किती?’’ हा सापळा आहे. आय-लीग हे नाव 2007-08 पासूनचे, त्याआधी तीच नॅशनल लीग होती, त्यामुळे पाचाचे तीन होतात. उत्तर न देता चहा सांगा. चहा येईपर्यंत त्याला 2008 च्या एएफसी कपात, म्हणजे आशियाई क्लबांच्या स्पर्धेत, नेऊन सोडा, जिथे धेंपोने उपांत्य फेरी गाठली होती. तिथे लेबनॉनच्या अल-सफाने हरवले, हे चहा संपल्यावर कबूल केले तरी चालते.

साळगावकरवाल्यांनी लीगचा विषय 1998-99 ला सुरू करून तिथेच संपवावा. लीग जिंकणारा पहिला गोमंतकीय क्लब, प्रशिक्षक शब्बीर अली, पूर्णविराम. ‘पहिला’ या शब्दापुढे आकडे चालत नाहीत. कोणी फारच रेटले तर फेडरेशन कपाकडे वळावे: 1988, 1989, 1997 आणि 2011. तिथे धेंपोचा एकच, 2004 चा. शिवाय करीम बेंचरिफांच्या हाताखाली 2011 या एकाच सालात लीग आणि कप दोन्ही वास्कोला आले, हे आवाज न चढवता सांगावे. चढवला तर ते खरे वाटत नाही. याखेरीज साळगावकरवाल्यांकडे पुरून ठेवलेले धन म्हणजे ब्रह्मानंद शंखवाळकर. 1983-84 चा संतोष करंडक गोव्याने मद्रासला एकही गोल न खाता जिंकला, तेव्हा गोलात ते होते. संतोष करंडक राज्यसंघाचा असतो, क्लबचा नव्हे. पण हा भेद समोरच्याने काढायचा असतो. तुम्ही फक्त म्हणायचे, गोलरक्षक साळगावकरचा म्हणजे करंडक कोणाचा ते तुम्हीच सांगा.

चर्चिलवाल्यांची वकिली सर्वांत अवघड, म्हणून सर्वांत मजेची. 2007-08 ला, आय-लीगच्या पहिल्याच मोसमात, 18 सामन्यांनंतर धेंपोचे गुण 36 आणि चर्चिलचेही 36. गोलफरकावर लीग धेंपोला. चर्चिलच्या ओडाफाने त्या मोसमात 22 गोल मारले होते, तरी. इथे ‘हरलो’ हे क्रियापद वर्ज्य. ‘‘वजाबाकीत गेलो’’ असे म्हणावे. पुढे 2008-09 आणि 2012-13 ला लीग खरोखर आली, ती तारखेसकट सांगा. 2013-14 चा विषय निघाला की मात्र सावध. त्या मोसमात चर्चिलने फेडरेशन कप जिंकला आणि त्याच मोसमात लीगमधून खालीही गेले. दोन्ही बातम्या एका दमात सांगू नयेत. कप दुपारी सांगावा, लीग कोणी विचारली तर संध्याकाळी.

आणि 2024-25. मैदानावर 40 गुण, तक्त्यात वरचे स्थान, महासंघाने विजेते म्हणून जाहीरही केले. मग प्रकरण स्वित्झर्लंडमध्ये लोझानच्या क्रीडा लवादापुढे गेले आणि जुलै 2025 मध्ये विजेतेपद इंटर काशीच्या नावे लागले. आता चर्चिलची विजेतेपदे दोन की तीन? अडीच म्हणा. जमिनीच्या म्युटेशनसाठी मामलेदाराच्या दारात वर्षे काढलेल्या माणसाला अडीच लगेच पटते.

आता सुवर्णकाळाची आठवण. ही अर्थातच वादाची मुख्य शीत-कडी, म्हणजे भात-आमटी. बाकी सगळे तोंडी लावणे.

2006-07 ते 2012-13 अशी सलग सात वर्षे देशाची लीग गोव्याबाहेर गेली नाही. धेंपो, धेंपो, चर्चिल, धेंपो, साळगावकर, धेंपो, चर्चिल. हा क्रम पाठ करा आणि मंत्रपुष्पांजलीच्या लयीत म्हणा, म्हणजे मध्ये कोणी तोंड घालत नाही. कोलकातावाला समोर असेल तर एवढ्यावरच उठा. याहून मोठा विजय मिळणार नाही. गोंयकारांमध्ये मात्र हा आकडा कुचकामी, कारण त्यात सगळेच जिंकतात, आणि सगळे जिंकल्यावर वाद कसला?

त्यामुळे एक मोसम निवडावा लागतो. होतकरू धेंपोवाला हमखास 2010-11 निवडतो आणि फसतो. त्याला एवढेच आठवते की 30 मे 2011 रोजी धेंपोने एअर इंडियाला 14-0 ने धुतले, आणि रँटी मार्टिन्सने त्या मोसमात 30 गोल केले. तो चौदा गोलांचे चर्वण करत असतो तोवर साळगावकरवाला शांतपणे चण्याची पुडी सोडतो आणि विचारतो, ‘‘आणि लीग कोणी नेली रे त्या वर्षी?’’ लीग साळगावकरने नेली होती. चौदा गोलांचेही गुण तीनच मिळतात. निवडायचा मोसम 2011-12 हा: 26 सामने, रँटीचे 32 गोल, प्रशिक्षक आर्मांदो कुलासो, आणि मुख्य म्हणजे लीग धेंपोचीच. समीर नाईक, महेश गवळी, क्लायमॅक्स लॉरेन्स, क्लिफर्ड मिरांडा ही नावे बचावाकडून पुढे अशा क्रमाने घ्यावीत. आधी बचावपटू आठवणारा माणूस जाणकार ठरतो. रँटी काय, सगळ्यांनाच आठवतो.

‘‘मी तेव्हा फातोर्ड्याला होतो’’ हे वाक्य लागतेच, ते बेतशीर वापरा. आपली बहुतेक प्रकरणे इथेच फुटतात. 2014 च्या लुसोफोनिया खेळांसाठी, म्हणजे पोर्तुगीजभाषक देशांच्या क्रीडास्पर्धेसाठी, फातोर्ड्याच्या स्टेडियमचे रूप पालटले; त्याआधीच्या आठवणीत आजच्या खुर्च्या घालू नका. 2008 मध्ये खुर्चीवर बसून ओडाफा बघितला म्हणणारा माणूस जागच्या जागी पकडला जातो. सिमेंटच्या पायऱ्या म्हणा. दुपारचा सामना होता म्हणा, आणि पूर्वेच्या बाजूला बसला होता तर ऊन तोंडावर येत होते असे सांगा. सूर्य पश्चिमेला मावळतो, त्यामुळे हा तपशील उलटतपासणीतही टिकतो. आवाज, गर्दी, जल्लोष यांचे वर्णन टाळा. त्या काळात लीगच्या कित्येक सामन्यांना ओळखीचा माणूस समोरच्या गॅलरीत बसला तरी दिसायचा, हे खरोखर गेलेल्यांना ठाऊक असते.

एफसी गोवावाले वयाने लहान, त्यांची स्मरणशक्ती मिनिटांत चालते. इंडियन सुपर लीगची 2015 ची अंतिम लढत, फातोर्डा, 87 व्या मिनिटाला जोफ्रेचा गोल, गोवा 2-1 ने पुढे. इथे थांबायला शिका. पुढची पाच मिनिटे चेन्नईवाल्यांनी सांगावीत. 2019-20 चा मोसम त्यापेक्षा भक्कम: 18 सामने, 39 गुण, 46 गोल, तक्त्यात पहिला येणाऱ्याची लीग शील्ड, आणि त्या जोरावर आशियाच्या चॅम्पियन्स लीगमध्ये गटात खेळणारा पहिला भारतीय क्लब. त्याच मोसमाच्या सुपर लीगच्या उपांत्य फेरीत दोन लढती मिळून 5-6 ने गेलो, ते सांगायचे तर ‘अकरा गोल झाले’ असे सांगावे. ‘‘तुमचा क्लब कालचा, 2014 चा’’ असे धेंपोवाला म्हणेलच. त्यावर विचारा: प्रशिक्षक सर्जिओ लोबेरांना काढल्यावर शेवटच्या तीन सामन्यांना शील्ड कोणी सांभाळून आणली? क्लिफर्ड मिरांडाने. आता धेंपोवाल्यापुढे पेच पडतो. शील्डला नावे ठेवावीत तर क्लिफर्ड आपला, क्लिफर्डला मिरवावे तर शील्ड त्यांची. अशा वेळी तो बिल मागवतो. देऊ द्या.

वाद अगदीच अडला तर कळंगुटचा रोनाल्डोचा 410 किलोंचा पुतळा मध्ये आणा. पुढचा अर्धा तास सगळे एका बाजूला आणि पोर्तुगाल दुसऱ्या बाजूला होतो. तेवढ्यात रोनाल्डोचा सौदी क्लब अल नासर 2025 च्या ऑक्टोबरात फातोर्ड्याला येऊन एफसी गोवाविरुद्ध 2-1 ने जिंकून गेला तेव्हा रोनाल्डो आला नव्हता, पुतळा मात्र वेळेवर हजर होता, हेही सांगून टाका.

क्लब भूतकाळातच ठेवण्याचे पथ्य मात्र पाळा. 2016 ला साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो हे तिन्ही आय-लीगमधून बाहेर पडले, इथवर सुस्कारे टाकता येतात. त्यानंतरचे माहीत नसलेले बरे. धेंपो खालच्या लीगमधून वर येऊन 2024-25 ला पुन्हा आय-लीगमध्ये उतरला, ही बातमी शोकसभेचा बेरंग करते. कोणी ती काढलीच तर ‘‘ते धेंपो वेगळे’’ एवढेच म्हणा.

सगळ्यांत वाईट प्रसंग असा की वादाच्या भरात एखादा पोरगा म्हणतो, ‘‘रविवारी धुळेरला मॅच आहे, चला.’’ यासाठी सबब महिन्यावार तयार ठेवावी. पावसाळ्यात पाऊसच पुरतो. चतुर्थीच्या आधी गणपतीवर टांगायच्या माटोळीचे सामान. मार्चात शिगमो, एप्रिल-मे महिन्यात काजू आणि लग्ने. उरलेल्या दिवसांसाठी जत्रेच्या नाटकाची तालीम हे कारण कुठल्याही गावात चालते. फक्त भूमिका मोठी सांगू नका, तो पोरगा नाटकाला येईल.