‘निवांत म्हणून विकलं, मनस्ताप पदरी पडला’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

दोन तारे आणि भलामोठा अभिप्राय, दोन्ही पाहिलं. नाताळची गर्दी सुरू व्हायच्या आत दोघांनीच किनाऱ्याकिनाऱ्याने फिरायचं म्हणून तुम्ही आमची कॅरॅव्हॅन, म्हणजे झोपण्या-राहण्याची सोय असलेली गाडी, भाड्याने घेतलीत. तुमच्या तक्रारी अशा: गाडी वाळूवर नेऊ दिली नाही, मध्यरात्री एसी बंद पडला, दाभोळच्या धक्क्यावर फेरीबोटवाल्यांनी मुद्दाम ताटकळत ठेवलं, संडासाची टाकी स्वतःच्या हाताने रिकामी करावी लागली, मालवण राहून गेलं, आणि गुहागरच्या होमस्टेवाल्या काकूंनी ‘नुसती गाडी उभी करायचे पाचशे उकळले’. म्हणून अर्धं भाडं परत हवं आहे. ते देणार नाही. का ते जरा सविस्तर लिहितो, कारण पुढच्या गिऱ्हाइकांनाही हे वाचून उपयोग होईल.

मालवणपासून सुरू करतो. बुकिंगच्या वेळी मिस्टरांनी पाठवलेला बेत असा होता: पहिला मुक्काम हरिहरेश्वर, दुसरा थेट गणपतीपुळे, मग देवगड, मालवण, आणि सातव्या दिवशी पुण्यात परत. त्यावर आम्ही लेखी कळवलं होतं की हरिहरेश्वर ते गुहागर एवढाच पट्टा घ्या, फार तर जयगडपर्यंत जा. नकाशात अंतर थोडं दिसतं, पण मध्ये सावित्री, वाशिष्ठी आणि शास्त्री अशा तीन खाड्या फेरीबोटीने ओलांडायच्या आहेत. केळशी, आंजर्ल्याकडचे रस्ते वाडीतून जातात. दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे (दगडी कुंपणं), वर आंब्याच्या फांद्या आणि लोंबत्या केबली, समोरून एसटी आली की कोणीतरी मागे जायचं. साडेनऊ फूट उंचीची गाडी तिथे ताशी पंचवीस-तीसच्या वर जात नाही, जाऊही नये. तुम्ही ‘बघू’ म्हणालात आणि मूळ बेतावरच निघालात. हर्णैला मासळीचा लिलाव चालू असताना तुम्ही तिथून न थांबता पुढे गेलात, हे तुमच्याच अभिप्रायात आहे. मग सुट्टी गाडी चालवण्यात गेली, याचं खापर गाडीवर का?

आता दाभोळ. ‘आमच्यानंतर आलेल्या कार सोडल्या आणि आम्हाला दोन तास बसवून ठेवलं,’ असं तुम्ही लिहिलंय. सोडल्या असतीलच. तेव्हा ओहोटी अगदी तळाला होती. पाणी उतरलं की बोटीची फळी खाली जाते आणि धक्क्याचा उतार खडा होतो. छोटी कार त्यावरून आरामात चढते. आमच्या गाडीचं बूड मागच्या चाकांमागे बरंच लांब आहे आणि सांडपाण्याचा पाइप नेमका तिथेच खाली आहे. तशा उतारावर गाडी घातली असती तर बूड घासून पाइप तुटला असता, आणि मागच्या दुचाकीवाल्यांना काय सोसावं लागलं असतं ते इथे लिहीत नाही. पाणी चढेपर्यंत थांबा असं फेरीबोटीवरच्या माणसाने सांगितलं, ते त्याचा धंदा त्याला कळतो म्हणून. नाहीतर खेड-चिपळूणवरून वळसा होताच, घ्या घालून!

पुढच्यांसाठी सांगतो: भरती-ओहोटीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. गाडी ताब्यात देताना त्या आठवड्याच्या वेळा आम्ही कागदावर लिहून देतो. तो कागद डॅशबोर्डच्या खणात असतो. तुमचा परत आला तेव्हा घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

वाळूचं म्हणाल तर जाहिरातीतला फोटो किनाऱ्यावरच्या आगरातला (नारळी-पोफळीच्या बागेतला) आहे, वाळूवरचा नाही. फोटोत गाडीच्या पुढे गडगा दिसतो, त्याच्या पलीकडे समुद्र. गावकऱ्यांनी तुम्हाला अडवलं ते बरंच झालं. साडेतीन टनांची गाडी ओल्या वाळूत रुतली की भरतीच्या आत निघेल याची खात्री कोणी देत नाही. दर सुट्टीत कोकणात कोणाची तरी गाडी लाटांत उभी असल्याचा व्हिडिओ फिरतोच, आणि पोलीस गुन्हेही दाखल करतात. शिवाय या दिवसांत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला याच किनाऱ्यांवर येतात. अंडी वाळूखाली साधारण दीड-दोन महिने असतात, वरून काही कळतही नाही. करारात ‘वाळूवर गाडी नेणार नाही’ या अटीखाली तुमची सही आहे.

एसी. हा प्रश्न सगळेच विचारतात, तेव्हा हिशेबच मांडतो. गाडीत 12 व्होल्टची 200 ॲम्पिअर-तासांची बॅटरी आहे. म्हणजे पूर्ण भरलेली असली तरी जेमतेम अडीच युनिट वीज. छतावरचा एसी तासाला एक ते दीड युनिट ओढतो. म्हणून एसी रात्रभर फक्त बाहेरच्या पंधरा ॲम्पिअरच्या प्लगवर चालतो. कर्द्याला आम्ही सांगितलेली जागा सोडून तुम्ही एका हॉटेलच्या मोकळ्या पार्किंगमध्ये झोपलात. तिथे प्लग नव्हता. अकराला लावलेला एसी साडेबाराला बंद होणारच; तो बंद होतो म्हणून निदान फ्रिज आणि दिवे सकाळपर्यंत टिकतात. डिसेंबरात पहाटे तिथे वीस अंशांच्या आसपास असतं. जाळीच्या खिडक्या उघडल्या असत्या तर पांघरूण घ्यावं लागलं असतं.

संडासाच्या टाकीवर फार लिहीत नाही. वीस लिटरची टाकी, दोन माणसांना दोन-तीन दिवस पुरते, मग बाहेर ओढून जिथे परवानगी असेल तिथल्या संडासात ओतायची. गाडी देताना हे करून दाखवलं, तेव्हा तुम्ही दोघं हसत होतात. खाडीत ओतली नाहीत याबद्दल मनापासून आभार. सगळेच तेवढं पाळत नाहीत.

राहता राहिल्या गुहागरच्या काकू, आणि खरं तर एवढं लांबलचक लिहायला बसलो ते त्यांच्यासाठी. सरकारने 2021 साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, चांगलं आहे, पण या किनाऱ्यावर आमच्या गाड्या रात्री उभ्या राहतात त्या बहुतेक अशाच घरगुती अंगणांत. त्या पाचशे रुपयांत तुम्हाला काय मिळालं? रात्रभर एसीला वीज, शंभर लिटरच्या टाकीत गोडं पाणी, टाकी रिकामी करायला त्यांचा संडास, आंघोळीला बंबातलं गरम पाणी. सकाळी घावन आणि ओल्या खोबऱ्याची चटणी त्यांनी वर दिली, त्याचे पैसे घेतले नाहीत. गाडी आत घेताना गेटावरची जास्वंदीची फांदी आड येत होती, ती त्यांनी स्वतः कोयत्याने तोडली. हे सगळं त्यांनी मला तक्रार म्हणून सांगितलेलं नाही. ‘पोरं दमलेली दिसत होती, व्यवस्थित पोचली ना?’ एवढंच विचारायला फोन केला होता, बाकीचं मी खोदून विचारलं. ‘उकळले’ हा शब्द त्यांच्या पुतण्याने वाचला आणि त्यांना सांगितला. आता त्या म्हणतात, पुढच्या गाडीकडून पैसेच घेणार नाही. तसं आम्हाला चालणार नाही, फुकट वीज कोणाच्या मीटरवर चालवायची?

डिपॉझिट तुम्हाला त्याच दिवशी पूर्ण परत गेलं आहे, छतावर फांद्यांचे ओरखडे असूनही. भाड्याचा विषय आमच्या बाजूने इथे संपला. दोन तारे ठेवायचे तर ठेवा, एक केलात तरी हरकत नाही. काकूंबद्दलची ती ओळ मात्र काढून टाका, आणि जमलं तर त्यांना एक फोन करा. नंबर तुमच्या बुकिंगच्या मेसेजमध्ये आहे.