‘परदेशी लायसन्स आहे, बिनधास्त खेळा’: आणि खातं गोठलं की?

‘परदेशी साईटवर क्रिकेटचा आयडी, म्हणजे सट्टा लावायचं खातं, घेणं शंभर टक्के कायदेशीर. कुरासाव सरकारचं लायसन्स आहे. नव्या कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षाच नाही. टीडीएस कापत नाहीत. पहिल्या भरण्यावर दुप्पट बोनस. जिंकलेले पैसे दहा मिनिटांत खात्यात.’ गावभर फिरलेला हा मेसेज आता आमच्या घरच्या ग्रुपवर आला, तोही ‘कुणाला आयडी हवा असेल तर सांगा’ अशा आत्येभावाच्या पुरवणीसह. तेव्हा उत्तर देणं भाग आहे.

कुरासाव हे कॅरिबियन समुद्रातलं बेट, नेदरलँड्सच्या राज्याचा भाग. तिथे सट्ट्याचे परवाने मिळतात, हे खरं. डिसेंबर २०२४ मध्ये नवा कायदा येईपर्यंत चार मूळ परवानाधारक होते आणि त्यांच्याकडून उपपरवाने वाटले जायचे. पण परवाना नवा असो की जुना, भारतात धंदा करायचा हक्क त्यातून मिळत नाही. इथे एक डोमेन ब्लॉक झालं की ही मंडळी नावात एखादा आकडा घुसडून दुसरं उघडतात आणि तळाशी परवान्याचा तोच शिक्का चिकटवतात. त्या शिक्क्यावर क्लिक करून बघा. तो तिथल्या प्राधिकरणाच्या पानावर नेतो का, आणि त्या पानावर तुम्ही उघडलेलं डोमेन आहे का? नसेल तर ते नुसतं चित्र आहे.

खेळणाऱ्याला शिक्षा नाही, हे मात्र मान्य करावं लागेल, निदान त्या एका कायद्यापुरतं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या ऑनलाईन गेमिंग कायद्यात पैशांचा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड आहे. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड. ‘आयडी हवा असेल तर सांगा’ म्हणणारा नुसता खेळणारा उरतो का, ते आत्येभावाने ठरवावं. ‘क्रिकेट समजणं हे कौशल्य आहे’ ही पळवाटही चालत नाही, कारण खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, पैसे लावले की तो या कायद्यात बसतो.

मेसेज लिहिणाऱ्याने न वाचलेली तरतूद पुढे आहे. या खेळांचे पैसे पोचवणाऱ्या बँका आणि पेमेंट कंपन्यांनाही हा कायदा मनाई करतो; त्यांनाही शिक्षा तीच, तीन वर्षं आणि एक कोटी. मग ते ‘दहा मिनिटांत’ येणारे पैसे येतात कुठून? भाड्याच्या खात्यांतून. पोलीस त्यांना म्यूल अकाउंट म्हणतात. कुणा विद्यार्थ्याचं, मजुराचं किंवा बंद पडलेल्या दुकानाचं खातं, पासबुक आणि सिमकार्डासकट महिन्याच्या बोलीवर घेतलेलं. म्हणून तर पैसे भरताना दर वेळी वेगळा यूपीआय आयडी येतो, क्यूआर स्कॅन केल्यावर अनोळखी नाव दिसतं, आणि भरल्यावर यूटीआर नंबर (व्यवहाराचा क्रमांक) नि स्क्रीनशॉट मागतात. सरळ व्यापारी खात्यात पैसे गेले असते तर पावती दाखवायची वेळ आली नसती.

याच खात्यांतून डिजिटल अरेस्टचे, खोट्या शेअर ट्रेडिंगचे पैसेही फिरतात. फसलेला माणूस १९३० या सायबर हेल्पलाईनवर तक्रार करतो आणि पैसे ज्या ज्या खात्यांतून सरकले, ती साखळी पोलीस धरतात. त्यातल्या तिसऱ्या-चौथ्या खात्यातून तुमचे जिंकलेले चार हजार आलेले असले, तर होल्ड तुमच्या खात्यावरही लागतो. कधी तेवढ्याच रकमेवर, कधी सगळंच डेबिट फ्रीझ. पगार जमा होतो, पण काढता येत नाही. कर्जाचा हप्ता परत जातो. तक्रार परराज्यातली असली तर पत्रव्यवहारही तिथल्या पोलीस ठाण्याशी. आणि ‘हे पैसे कशाचे?’ याला तुमच्याकडे सांगण्याजोगं उत्तर नसतं. पुढच्या मॅचमध्ये हरलात तरी हा होल्ड सुटत नाही.

दुप्पट बोनसचं गणित कागदावर मांडा. ५,००० भरले, ५,००० बोनस मिळाला. अट समजा भरणा आणि बोनस मिळून दहापट, म्हणजे पैसे काढण्याआधी एकूण १,००,००० चे सट्टे लावायचे. दोन्ही बाजूंना १.९० भाव (१०० लावून जिंकलात तर १९० परत) असेल तर १०० लावल्यावर सरासरी ९५ परत येतात. लाखावर तूट ५,००० ची. बोनस गेला, आणि हा हिशेब भाव सरळ असल्याचं धरून केलेला आहे. महादेव बुक या सट्ट्याच्या ॲपच्या प्रकरणात ईडीने सांगितलेली रचना अशी होती: आयडी देणारी पॅनलं फ्रँचायझीसारखी वाटलेली, नफा ७०-३० असा वाटलेला. तुम्ही हरलात की आयडी देणाऱ्याचं घर चालतं. तो तुम्हाला टिप देतो, ती याच हिशेबाने.

टीडीएस कापत नाहीत म्हणजे कर माफ होत नाही. निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के कर तुमच्याच डोक्यावर राहतो.

खातं आधीच अडकलं असेल तर शाखेत वाद घालू नका, होल्ड उठवणं मॅनेजरच्या हातात नसतं. बँकेकडून तक्रारीचा क्रमांक, पोलीस ठाणं आणि वादातली रक्कम लेखी मागा. तपास अधिकाऱ्याला ईमेल करा: खात्याचा उतारा, पगाराच्या स्लिपा जोडा, आणि होल्ड फक्त वादातल्या रकमेवर ठेवावा अशी विनंती करा. आयडीवाल्याचे चॅट पुसू नका, पैसे कसे आले त्याचा तोच पुरावा आहे. आणि साईटवरची शिल्लक सोडवायला ‘आधी दहा टक्के टॅक्स भरा’ असा निरोप आला तर एक रुपयाही भरू नका. खरा टीडीएस जिंकलेल्या रकमेतून कापला जातो, कुणाच्या क्यूआरवर आगाऊ भरून घेतला जात नाही.