भूल म्हणजे झोप नव्हे

"ऑपरेशनच्या आदल्या रात्री झोप नाही लागली तरी काळजी नको, सकाळी भूल दिली की सगळी झोप भरून निघते." ठाण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर हा मेसेज फिरतोय. सोबत दोन सल्ले आहेत: घरून झोपेची गोळी नेऊन गुपचूप घ्या, आणि रात्री दहानंतर पाण्याचा थेंबही नको. मी घोडबंदर रोडच्या बाजूला एका हॉस्पिटलात सर्जिकल वॉर्डला नाईट करते, म्हणून हे लिहितेय.

आधी भुलीचं. झोपेत मेंदू साधारण दीड-दीड तासाच्या फेऱ्या घेतो, कधी गाढ झोप, कधी स्वप्नांची. हलवलं की माणूस उठतो. पूर्ण भूल ही औषधाने आणलेली बेशुद्धी असते. सुरी चालली तरी जाग येत नाही, बऱ्याचदा श्वासही मशीनवर असतो. रात्रीच्या झोपेची जागा ती घेत नाही. उलट ऑपरेशननंतरच्या पहिल्या एक-दोन रात्री दुखण्याने झोपमोड होतेच. आधीपासून झोप बिघडलेल्यांना नंतर दुखतं जास्त आणि म्हाताऱ्या माणसांत भ्रम होण्याचा धोकाही वाढतो, असं अभ्यासांत दिसलंय.

गोळीचा सल्ला सगळ्यात घातक. जोरात घोरणाऱ्या, झोपेत श्वास अडकणाऱ्या पेशंटला अशी गोळी जड जाऊ शकते. वयस्कर माणूस त्या गुंगीत बाथरूमला निघाला की पडतो. मात्र रोजची गोळी चालू असेल तर तीही स्वतःच्या मनाने बंद करू नका. भूलतज्ज्ञांना नाव आणि डोस सांगा. घरी श्वासाचं मशीन लावत असाल तर ते सोबत आणा.

आता पाणी. एरवी धडधाकट मोठ्या माणसाला हलकं खाणं ऑपरेशनच्या सहा तास आधीपर्यंत आणि साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. दुधाचा चहा खाण्यातच धरायचा. मधुमेह, गरोदरपण, पोटाचा त्रास असेल तर हिशेब बदलतो, तिथे डॉक्टर म्हणतील तेच.

हर्नियाचे एक आजोबा होते. ऑपरेशन दुपारी बाराचं, आणि मेसेज वाचून रात्री दहापासून तोंड कोरडं. दोन वाजता ओठांवरून जीभ फिरवत टक्क जागे. डोक्यावर ट्यूबलाइट, बाहेर अवजड ट्रक, शेजारच्या पेशंटचा मुलगा मोबाइलवर व्हिडिओ बघतोय. जागतिक आरोग्य संघटनेने वॉर्डात रात्री 30 डेसिबलच्या आसपास आवाज असावा असं म्हटलंय. आमच्याकडे नुसती ट्रॉली गेली तरी त्याहून जास्त होतो. यात आम्हा स्टाफची चूक आहे, मी मान्य करते. पण सांगितलं तर बरंच करता येतं. दिवा घालवता येतो, बीपी आणि ताप एकाच फेरीत बघता येतात. कानात घालायचे बोळे आणि डोळ्यांवरची पट्टी घरून आणता येते.

भूलतज्ज्ञांना फोन करून विचारलं. "सकाळी दहापर्यंत पाणी द्या," म्हणाले. आजोबा अर्धा ग्लास प्यायले, मी ट्यूबलाइट घालवली, त्या मुलाला हेडफोन लावायला सांगितलं. साडेपाचला रक्त घ्यायला गेले तर ते गाढ झोपले होते. रक्त सहाला घेतलं.