शुमानने ते स्वतःच्या मुलांसाठी लिहिलं नव्हतं

जर्मन संगीतकार रॉबर्ट शुमानच्या ‘किंडरत्सेनेन’चा, म्हणजे ‘बालपणीची दृश्यं’ या पियानोवरच्या रचनांचा, कार्यक्रम जवळ आला की एक मजकूर हमखास फिरू लागतो. शुमानने आपल्या मुलांसाठी रचलेल्या तेरा सोप्या धुना, त्यातली ‘ट्रॉयमेराय’ म्हणजे अंगाईच, मुलांना झोपवताना लावा. तेराचा आकडा बरोबर आहे. बाकीचं चूक आहे, आणि मला त्याचं वाईट वाटतं, कारण असं वाचून आलेला माणूस अर्धाच कान देऊन बसतो.

आधी मुलांचं. १८३८च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये लाइप्झिगला हे लिहिलं गेलं, तेव्हा शुमान सत्तावीस वर्षांचा आणि अविवाहित होता. पियानोवादक क्लाराशी लग्न गुपचूप ठरलेलं, तिच्या वडिलांचा कडवा विरोध, आणि ती दौऱ्यावर व्हिएन्नात. तू कधीकधी मला लहान मुलासारखा वाटतोस, असं तिने त्याला पूर्वी लिहिलं होतं. त्याचाच पडसाद म्हणून की काय, तीसेक छोट्या रचना झाल्या, त्यांतल्या काही निवडल्या, असं त्याने मार्चमध्ये तिला कळवलं. वाजवताना मात्र आपण निष्णात वादक आहोत हे विसर, असंही सांगितलं.

लग्न १८४०मध्ये झालं, थोरली मुलगी मारी १८४१ची. मुलांसाठीचं पुस्तक त्याने खरंच लिहिलं, पण दहा वर्षांनी: १८४८चा ‘आल्बुम फ्यूर दी युगेंट’, त्रेचाळीस रचनांचा, मारीच्या सातव्या वाढदिवसाच्या भेटीतून वाढलेला. गल्लत बहुधा इथेच होते. ‘किंडरत्सेनेन’ म्हणजे मोठ्या माणसाने मागे वळून पाहणं, तेही मोठ्यांसाठी, हा फरक शुमानने स्वतःच सांगून ठेवला आहे.

‘सोप्या’ म्हणणाऱ्यांना पानावर सूर कमी दिसतात. ‘ट्रॉयमेराय’ फक्त २४ बारची, म्हणजे तालाच्या २४ छोट्या मापांची, आहे. मी ती पंधरा वर्षं वाजवते आहे आणि अजून ती हाताला लागलेली नाही. एकाच हातात दोन-दोन आवाज चालतात. करंगळीने वरचा सूर गायचा आणि त्याच हाताच्या अंगठ्याने दुसरंच काही हळू म्हणायचं. चाल खालच्या सी या सुरावरून एफ वर जाते, तिथे रेंगाळते, मग चढत वरच्या एफ ला पोचते. दुसऱ्या खेपेला तीच चढण ए पर्यंत जाते. शेवटी पुन्हा तोच ए येतो, पण खालचा कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, बदललेला, आणि वर थांबण्याची खूण. तिथे किती थांबायचं हे माझ्या बाईंनी कधीच सांगितलं नाही. पियानोवादक व्लादिमीर होरोवित्झ एकसष्ट वर्षांनी मायदेशी परतला आणि १९८६मध्ये मॉस्कोत, ब्याऐंशीव्या वर्षी, त्याने हीच वाजवली. त्या चित्रीकरणात मोठी माणसं रडताना दिसतात.

अंगाई तर ती नाहीच. ‘ट्रॉयमेराय’ या शब्दाचा अर्थ जागेपणी स्वप्नात हरवणं. मूळ छापील प्रतीत लय मिनिटाला १०० ठोक्यांची आहे, पाळण्याच्या झोक्याची नव्हे. झोपी जाणारं मूल बाराव्या रचनेत आहे. ती ई मायनर या स्वरपट्टीत सुरू होते, पण शेवटी त्या घरी परतत नाही, ए मायनरच्या कॉर्डवरच विरते. मूल झोपलं. लगेच तेरावी, ‘कवी बोलतो’: उशाशी जागा असलेला मोठा माणूस. निदान मला ती तशी ऐकू येते.

शीर्षकांवरून गोष्टी रचणंही जुनंच आहे. रेलश्टाब नावाच्या समीक्षकाने तर शुमान रडकं मूल समोर ठेवून सूर शोधतो, असा समज करून घेतला होता. शुमानला ते फार लागलं. नावं मागाहून दिली, कसं वाजवावं याच्या त्या खुणा, असं त्याने स्पष्ट केलं.

मुलांना जरूर आणा, फक्त झोपवायला नको. चौथ्या रचनेत मूल काहीतरी मागतं आणि रचना ताण सुटलेल्या कॉर्डवर संपत नाही, अडकून राहते. होकार मिळतो तो पाचवीत. तोवर हात पट्ट्यांवरून उचलायचा नाही, असं बाई बजावायच्या.